अर्धे पोळे झाडाला

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघे भांडत होतात. दिसत नीट होते, ऐकू अर्धवट येत होते. धाकटीचा घसा धरला होता. थोरला सांगत होता की आले-मध घे, गोळ्या म्हणजे विष. आणि ती म्हणत होती की आजच डॉक्टरकडे जाऊन अँटिबायोटिक मागून आणते. मग दोघे एकदम माझ्याकडे वळलात, "आजी, तू सांग." तेवढ्यात चित्र थिजले. तुमची तोंडे उघडीच राहिली, जणू मी तुमचे घसे तपासते आहे.

तेव्हा राहिलेले उत्तर आता लिहिते. ते जरा लांबेल, कारण ते मोहाच्या झाडाखालून जाते.

एटापल्लीच्या कडेला माझे घर आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे आजोबा आणि मी नोकरीनिमित्त इथे आलो, आणि आजोबा गेल्यावरही मी परत फिरले नाही. कुंपणाच्या पलीकडे एका माडिया बाईचे घर आहे. ती माझ्याच वयाची असावी. तिने कधी मोजले नाही आणि मी कधी विचारले नाही. गेल्या फाल्गुनात तिचा मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते आणि नात तिच्याजवळ होती. मी शाळेत शिकवायचे म्हणून ही पोर मला 'शाळेची आजी' म्हणते. स्वतःच्या आजीला नुसते आजी.

मोहफूल वेचायचे दिवस कसे असतात ते तुम्ही पाहिलेले नाही. फुले पहाटे गळतात. उजाडायच्या आधी कुंपणाशी उभे राहिले तर अंधारात टप, टप, असा आवाज येत राहतो, एका झाडाखाली थांबला की दुसऱ्याखाली सुरू होतो. हवेला गोड, किंचित आंबूस वास असतो आणि त्या वासाने माणूस जागा आहे की झोपेत हे त्यालाच कळत नाही. माणसे टोपल्या घेऊन सावल्यांसारखी वाकलेली असतात. कोणी मोठ्याने बोलत नाही. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसते आणि चहा गार होतो.

अशा एका सकाळी शेजारीण एकटीच वेचताना दिसली. "पोरगी कुठी आहे?" मी विचारले. इतकी वर्षे इथे राहून माझी जीभही इकडची झाली आहे.

"निजली आहे. आंग तापलं. गळा दुखते म्हनते."

मी गेले. पोर घोंगडीत होती, डोळे चकाकत होते. आजीने तिला कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करवल्या होत्या, बेहड्याची साल चघळायला दिली होती, वर मधाचे बोट. त्यात काही वाईट नव्हते. मीही माझ्या कपाटातली हळदीची बरणी नेली. घसा थोडा ओलावला, पण दुसऱ्या दिवशीही ताप हटला नाही. पोर तापात पुटपुटत होती, "आजी, माह्या गळ्यात मोह पडला. वेच ना."

मी तिला तोंड उघडायला लावले आणि मोबाइलचा उजेड पाडला. घसा लालबुंद, आणि दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. खरोखर मोह पडावा तसे. खोकला नव्हता, नाक वाहत नव्हते. जबड्याखाली बोरांएवढ्या गाठी हाताला लागल्या.

मी ऑटोवाल्याला फोन लावला. ते का, हे सांगायला मला वरोऱ्याला जावे लागेल.

वरोऱ्याला आमचे घर बाजाराच्या मागे होते, कापसाच्या दिवसांत अंगणात कापसाचे पुंजके उडत यायचे. माझ्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातून अंगारे-धुपारे गेले, ते कायमचे. आईची हळद मात्र गेली नाही, आणि जायचे कारणही नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीचा घसा असाच लाल झाला होता. आईने हळद-दूध दिले, ओव्याची पुरचुंडी शेकली, मध चाटवला, आणि घसा बरा झाला. अगदी बरा झाला. काही आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. तो उतरला तर घोटा. मग मनगट. दुखणे तिच्या अंगातून पाहुण्यासारखे खोल्या बदलत फिरले आणि शेवटी हृदयात मुक्कामाला राहिले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की घशातल्या त्या जंतूंनी सुरुवात झाली, आणि आता झडप खराब आहे. आईला दोष नको. आमच्या गल्लीत तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते.

उन्हाळ्यात आम्ही दोघी अंगणात एका खाटेवर झोपायचो. मी तिच्या पाठीला कान लावायची. ठोका, मग सूं, मग ठोका. दाराच्या फटीतून वारा यावा तसे. मला वाटायचे प्रत्येकाचेच हृदय असे गाते. तिला ऐकता ऐकता मी झोपून जायची. ती तुमच्या आईएवढीही झाली नाही.

म्हणून मी त्या पोरीला त्याच दुपारी ऑटोत घातले. शेजारीण सोबत होतीच. सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने घसा पाहिला, गाठी चाचपल्या, छाती ऐकली, आधी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते का ते विचारले. घशातला नमुना तपासायची सोय त्या दिवशी नव्हती. लक्षणे आणि पोरीचे वय बघून तिने ठरवले. गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "दहा दिवसांच्या आहेत. बरं वाटलं तरी पूर्ण घ्यायच्या. हृदयासाठी सांगते आहे, घशासाठी नाही." शेजारणीने मान डोलावली. मीही डोलावली आणि निश्चिंत झाले.

ताप लवकरच उतरला. दोन-तीन सकाळी गेल्या आणि पोर पुन्हा मोहाखाली दिसली. वेचत कमी होती, खात जास्त. मला बरे वाटले आणि मी माझ्या कामांना लागले.

एके दुपारी लिंबे द्यायला शेजारी गेले. ती फुले वाळत घालत होती. तिच्या कुडाच्या भिंतीत विळ्याच्या शेजारी गोळ्यांचे पाकीट खोचलेले दिसले. अर्धे भरलेले.

"बाई, ह्या गोळ्या उरल्या कशा?"

"कालपासून ठेवल्या."

"काऊन ठेवल्या?"

"आराम पडला न. पाहा तिले, माकडावानी उड्या मारून राह्यली."

"डॉक्टरीणबाईनं सगळ्या खायला सांगितल्या होत्या. तुम्ही मान हलवली होती."

"ते डॉक्टरीन पोरगी बोलत होती, तिचा मान ठेवला." फुलांवरून तिचा हात फिरतच होता. "सगळं कोन घेते, बाई? मोहोळ काढतो तं अर्धं पोळं झाडाले ठेवतो. कंद खनतो तं डोस्कं मातीत पुरतो. साल काढतो तं एकाच अंगाची. सगळंच घेतलं तं औषध रुसते. पुढच्या बारीनं देईन कोन?"

"गोळीला झाड नसते."

"तुमी पाह्यलं का, गोळी कुठून येते ते?"

मी पाहिले नव्हते. जन्मभर इंग्रजी शिकवले, पण गोळी कुठून येते ते पाहिले नव्हते. तरी शिकवायची सवय जात नाही. मी सांगू लागले की या औषधाचे मूळ एका बुरशीत सापडले.

"बुरशी? ओल्या लाकडावर येते ते?"

"तशीच."

"मंग उगवतेच न ते," ती म्हणाली, आणि इतकी हसली की वाळत घातलेल्या फुलांवरून कोंबडी उडाली. "मास्तरीनबाई, तुमीच सांगून राह्यल्या, जंगलातलं आहे म्हनून."

मी जंतूंचे सांगितले. दिसत नाहीत, अर्धे मेले तरी अर्धे राहतात, पुन्हा वाढतात. ती ऐकून घेत होती, पावसाळ्यात पाहुण्याची गोष्ट ऐकतात तशी. वाद घालणे मला जड जात होते, कारण तिचे चूक नव्हते. आमच्या समोर जे जंगल उभे आहे ते अशाच अर्ध्या पोळ्यांवर उभे आहे. घेताना थांबायचे, हे ज्यांना कळते त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार की इथे थांबू नका? पण माझ्या कानात सूं वाजत होते. पोर अंगणात दोरीवरून उड्या मारत होती, आणि तिच्या प्रत्येक उडीला मी तिच्या छातीकडे बघत होते.

मी सरळ डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती म्हणाली, एक दिवस चुकला असला तरी आजपासून सुरू करा आणि राहिलेल्या सगळ्या द्या. सुरू केल्या की मला कळवा. मी निरोप सांगितला. "पाहू," शेजारीण म्हणाली. तिच्या 'पाहू'चा अर्थ मला माहीत आहे.

त्याच संध्याकाळी ती नाल्यापलीकडच्या मोहाखाली साफसफाई करायला निघाली. फुले दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात. वनखात्याला ते आवडत नाही, म्हणून ती ढीग लहान करते आणि आग विझेपर्यंत तिथून हलत नाही. मी सोबत गेले. धूर निळा होता, जमिनीलगत पसरत होता, आणि त्यात आमचे पाय नाहीसे झाले होते. वर मोहाच्या पानगळलेल्या फांद्या आणि त्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस. आग बसली. ओल्या फांदीने तिने राख झोडपली. मी म्हटले, चला.

"थांबा," ती म्हणाली, आणि वाकून राखेवर तळवा फिरवू लागली. एका जागी तळवा थांबला. तिथे तिने पुन्हा फांदी मारली, मग माती टाकली.

"विझली तर होती."

"वरतून विझली. खालतं असते. आग अर्धी ठेवून घरी नाई जात कोनी. हवा सुटली का सारं रान..."

तिचे वाक्य तिथेच राहिले. मी गप्प राहायला हवे होते, पण राहवले नाही. "पोरीच्या गळ्यात तेच आहे, बाई. राखेखालचं."

तिने माझ्याकडे बघितलेही नाही. "तुमी आग बी शाळेत घेऊन जाल," एवढेच म्हणाली. मग पुन्हा सगळ्या राखेवरून तळवा फिरवला, पहिल्याहून हळू.

परत येताना नाल्यात थांबून तिने हात धुतले. पाण्याकडे बघतच विचारले, "पन मंग झाडाचा वाटा?"

बहिणीच्या पाठीला कान लावून झोपणारी मुलगी मी, मला एवढेच सुचले. "गोळी पूर्ण पोरीची. मध अर्धा झाडाचा."

घरी पोचल्यावर तिने भिंतीतले पाकीट काढले, पोरीला हाक मारली, गोळी दिली. गोळीवर मधाचे बोट चाटवले, आणि उरलेला चमचा घेऊन अंगणाच्या कडेच्या मोहापाशी गेली. बुंध्याला मध लावला. पाकीट संपेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ हे चालले. झाडाला मुंग्यांची रांग लागली. मिरचीवरून आलेल्या सुनेने मला विचारले, "शाळेच्या बाई, माह्या सासूले काय झालं? झाडाले मध चाटवून राह्यली."

"विचारू नकोस," मी म्हटले. "पोरीला झालं होतं, झाडाला नाही."

मग आम्ही सगळ्या पुन्हा दवाखान्यात गेलो. सांधे सुजले नव्हते, पळताना धाप लागत नव्हती. डॉक्टरीणबाईने छाती ऐकली आणि ठीक आहे म्हणाली. मला तेवढ्यावर समाधान होईना. मी विचारले, मला ऐकू द्याल का? तिने नळ्या माझ्या कानाला लावल्या. मी डोळे मिटले. ठोका. मग काही नाही. मग ठोका. मधली जागा पहाटेसारखी मोकळी होती. मी इतका वेळ ऐकत बसले की पोर कंटाळली आणि पाय हलवू लागली.

शेजारणीने माझ्या कानातून नळ्या जवळजवळ ओढूनच घेतल्या. तिने ऐकले. तिचा चेहरा पहाटे मोहाखाली टप, टप ऐकताना होतो तसा झाला.

"मोह पडून राह्यला," ती म्हणाली.

धाकटे, घसादुखीसोबत सर्दी-खोकला असेल तर मिठाचे पाणी, मध आणि धीर पुरे. तिथे थोरल्याचे ऐक. ताप असेल, खोकला नसेल, घशात पांढरे दिसत असेल तर डॉक्टरकडे जा, तपासून घे, आणि त्यांनी दिल्या तरच गोळ्या घे. मग शेवटच्यापर्यंत घे. मधाची बाटली मी पाठवते आहे, शेजारणीने काढलेल्या पोळ्याची. ती भरलेली नाही म्हणून कुरियरवाल्याशी भांडू नका.