लेथचा हार

आम्ही राहतो ती दगडी इमारत पूर्वी पंपांचा कारखाना होती. बिल्डरने उंच छत तसंच ठेवलं, प्रत्येक घरात मध्ये लाकडी मजला घातला आणि त्याला लॉफ्ट म्हटलं. खरं तर तो माळाच. पण आयटीतला माणूस माळ्यावर झोपतो, हे पाहुण्यांना कसं सांगायचं? खाली लॉबीत, रस्त्याकडच्या काचेच्या भिंतीआड, कारखान्यातलं एक जुनं लेथ मशीन शोभेला ठेवलं होतं. पॉलिश वगैरे करून.

आम्ही राहायला आलो त्या वर्षी खंडेनवमीला एक म्हातारे गृहस्थ आले, लोणी काळभोरहून दोन बस बदलून. उभी नोकरी त्यांनी त्याच लेथवर काढलेली. त्यांनी यंत्राला तेलाचं बोट लावलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, पाया पडले आणि गेले. दुसऱ्या वर्षीही आले. तेलाचे आणि कुंकवाचे डाग मात्र फरशीवर राहिले, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर तासभर चर्चा झाली.

सेक्रेटरी मी. पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मला हुरूप चढला. मी लिहिलं, ‘यंत्र बंद आहे. त्याची पूजाही बंद आहे.’ लोक खूप हसले. फोटो काढून एकमेकांना पाठवले. मी आठवडाभर हवेत होतो. आज ती पाटी आठवली की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या वर्षी वॉचमनने त्यांना दारात थांबवलं आणि मला खाली बोलावलं. पाटी त्यांनी वाचली होती.

“यंत्र बंद हाय, बरोबर हाय,” ते म्हणाले. “मीबी आता बंदच हाय. पण सणाचा हार तेवढा...”

“काका, नियम सगळ्यांना सारखा.”

त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून हार काढून माझ्यापुढे धरला. “मग तुमीच घाला, साहेब. मी समोरच्या फुटपाथवरनं बघतो. काचंतनं दिसतंय समदं.”

“द्या इकडे. पाच मिनिटांत घालतो.”

तेवढ्यात वरून बायकोची हाक आली. पाटावर माझा लॅपटॉप मांडलेला, त्याला हळद-कुंकू लावून झालेलं, आरती माझ्यासाठी खोळंबलेली. हार हातात घेऊन मी तसाच वर गेलो. आरती झाली. पुरणपोळ्या झाल्या, वर सढळ तूप. जेवण अंगावर आलं, म्हणून माळ्यावर जाऊन जरा आडवा झालो.

संध्याकाळी दूध आणायला निघालो, तर चपलांच्या कपाटावर हार. लिफ्टची वाट न बघता जिने उतरलो. समोरचा फुटपाथ रिकामा होता.

“ते काका?”

“गेले जी मघाशीच,” वॉचमन म्हणाला. तो यवतमाळकडचा. “चार वाजेपर्यंत तिथंच बसून होते, उन्हात. इकडं सावलीत या म्हटलं, तर म्हणे, तिकडून यंत्र दिसत नाही.”

“अरे, मग मला बोलवायचं नाही का?” मी त्याच्यावरच खेकसलो.

“येतच होतो जी वर. त्यांनीच नाही म्हटलं. म्हणे, साहेब कामात असतील. कामावरच्या माणसाला हाक मारू नये.”

कामात! घोरत होतो मी.

हार मी तेव्हाच घातला आणि पाटी काढून टाकली. फरशीवर डाग पडले तर मी पुसेन, असं मीटिंगमध्ये सांगितलं. कोणी हसलं नाही. पण ते काका पुन्हा आले नाहीत. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नव्हतं, आता शोधू कुणाला?

दर खंडेनवमीला मंडईतून हार आणतो. लेथला तेलाचं बोट लावतो, हार घालतो आणि मग काचेपासून बाजूला सरून उभा राहतो, म्हणजे समोरच्या फुटपाथवरून यंत्र नीट दिसेल. वरून बायको हाक मारते, आरती खोळंबली आहे. मी म्हणतो, थांब जरा, कामात आहे.