भागतं की

माझ्या धाकट्या जावेला आमच्याकडे सगळे पुरवठामंत्री म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. तिच्या हातात काहीही द्या, ती ते पुरवते. साबणाची उरलेली कपची नव्या वडीला चिकटवते. पेस्टची ट्यूब कात्रीने उभी फाडते आणि आत बोट फिरवते. चादर मध्ये विरली की ती मधोमध कापून न झिजलेले काठ आत घेते आणि पुन्हा शिवते. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी लावते. मी चिडवायचे, “भाऊजींना तेवढं उलटं करून लावू नकोस.” ती हसायची आणि सुईत दोरा ओवायची.

दीर लेथवर कामाला होते. कारखान्याला टाळं लागलं आणि त्याच वर्षी त्यांची कंबरही गेली. आता ते खिडकीशी बसून रस्ता बघतात. घर चालतं ते जावेच्या काज-बटणांवर. शिंपी शर्टांचा गठ्ठा पाठवतो, ती हाताने काजं करते, नगाप्रमाणे पैसे मिळतात. त्यातून भाडं, औषधं आणि तीन माणसांची पोटं. कसं करतेस विचारलं की एकच उत्तर, “भागतं की.”

मला या उत्तराचा मनापासून राग आहे. आमच्या दोन घरांच्या मधे एक भिंत आहे, पण मला काय ऐकू येत नाही? कुकर पूर्वी दोनदा लागायचा, आता एकदाच लागतो. दोन खोल्यांत मिळून बल्ब एकच. स्वयंपाक आटोपला की तो फडक्यात धरून काढायचा आणि बाहेरच्या खोलीत लावायचा. याला काय भागणं म्हणतात?

पुतणी नर्सिंग शिकत होती. पहिल्या वर्षाच्या फीला मी गळ्यातली साखळी मोडली. त्याचं मला काही वाटत नाही, पोरीने शिकून त्याचं चीज केलं. पण दुसऱ्या वर्षाची फी महिनाअखेरपर्यंत भरली नाही तर तिचं नाव कमी होणार होतं आणि केलेलं वर्षही पाण्यात जाणार होतं. माझ्याकडे मोडायला आता काही उरलं नव्हतं. एक संस्था गरजू मुलांची फी भरते असं कळलं, म्हणून पोरीने अर्ज केला. घर बघून ठरवू, असा निरोप आला.

ज्या दिवशी संस्थेचे गृहस्थ यायचे होते त्या दिवशी सकाळी जाऊ माझ्या दारात उभी राहिली.

“ताई, तुमची खुर्ची द्याल? आणि एक बल्ब. वाटीभर साखरही लागेल.”

“कशाला?”

“पाहुणे यायचेत ना.”

“अगं, तो पाहुणा नाही. तो बघायला येतोय तुमच्याकडे काय नाही ते. बघू दे की त्याला.”

“परका माणूस पहिल्यांदा घरी येणार, त्याला काय जमिनीवर बसवू? अंधारात?” तिचा चेहरा असा झाला की मी मुकाट्याने स्टूलवर चढून माझा बल्ब काढला. खुर्चीही मीच उचलून नेली. मग आत पाहिलं. फरशी लख्ख पुसलेली. डबे घासून ओळीने लावलेले, रिकामे सगळे, पण झाकणं घट्ट. दिरांच्या अंगावर उलट्या कॉलरचा इस्त्रीचा शर्ट. तिने जन्मभराची सगळी अक्कल त्या दोन खोल्यांत ओतली होती, आणि मला कळत होतं की आता हिचं वाटोळं होणार.

गृहस्थ भले होते. दमलेले होते, जिना चढून धापा टाकत होते. माझ्या खुर्चीवर बसले, माझ्या साखरेचा चहा प्याले आणि चौफेर बघून म्हणाले, “फार छान ठेवलंय हो घर.”

जाऊ लाजली. खरोखर लाजली. किती दिवसांनी तिला कुणी चांगलं म्हटलं होतं.

“मिळकतीत कसं काय भागतं तुमचं?” त्यांनी विचारलं.

पुतणीने आईकडे पाहिलं. दिरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आणि माझी जाऊ, तोंडाला बसलेली सवय ती, चटकन म्हणाली, “भागतं की.”

माझ्याच्याने राहवलं नाही. “साहेब, तुम्ही बसलात ती खुर्ची माझी आहे. डोक्यावरचा बल्ब माझा. चहातली साखरसुद्धा माझी.”

ते मोठ्याने हसले. जाऊही हसली, पण कानाची पाळी लाल झाली होती. “आमच्या जाऊबाईंना चेष्टेची भारी सवय आहे,” ती म्हणाली. आणि चेष्टा करून करून मी माझी अशी गत करून ठेवलेली, की मी खरं बोलले तरी कुणाला खरं वाटेना. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने माझा हात इतक्या जोरात दाबला की मी रिकाम्या कपबशा उचलायला लागले.

उत्तर आलं ते पुतणीने मला वाचून दाखवलं. कुटुंब काटकसरी व स्वावलंबी आहे, घराची स्थिती समाधानकारक आहे, अधिक गरजू अर्जदारांना प्राधान्य देण्यात येत आहे. पोरीने ते सरळ आवाजात वाचलं, घडी केली आणि म्हणाली, “आईला दोष देऊ नकोस हं, मोठी आई.” मी कुणाला दोष देणार? मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं.

महिना संपला. एका संध्याकाळी पुतणी बल्ब परत द्यायला आली. राहू दे म्हटलं तर म्हणाली, “आई म्हणते, लागत नाही.” मी तिच्या मागोमाग गेले, आज हिला चांगलं सुनवायचंच असं ठरवून.

जाऊ जमिनीवर बसली होती. मांडीवर पोरीचा पांढराशुभ्र गणवेश. ब्लेडने ती त्याची शिवण उसवत होती, अगदी सावकाश, कापडाला चीर न जाऊ देता. निघालेला दोरा रिळावर गुंडाळत होती. एक बाही सुटी होऊन शेजारी पडली होती. पुतणी तिच्यासमोर बसली आणि शिवण ताणली जावी म्हणून तिने गणवेशाचं दुसरं टोक हातात धरलं.

“वेडी झालीस का?” मी म्हणाले. “पुढच्या वर्षी लागेल तो.”

“चांगलं कापड आहे. ह्यांना दोन बंड्या होतील.”

“मी म्हणते, पुढच्या वर्षी—”

“पुढच्या वर्षी कुठून आणू?” तिने ब्लेड खाली ठेवलं. “नाही हो भागत, ताई. कधीच भागत नव्हतं.”

तिने डोळे पुसले नाहीत, कारण हातात दोरा होता. पुतणीने तो तिच्या हातातून घेतला आणि उरलेला रिळावर गुंडाळायला लागली.