मधूच्या खोलीतले देव

रविवारी सकाळी कळव्याच्या बाजारात कोळिणीशी हुज्जत घालत मी कोलंबी निवडत होतो, तेवढ्यात मधूच्या घरून वहिनींचा फोन आला. "भावोजी, हे गेले..." एवढंच बोलल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मी हातातली कोलंबी परत टोपलीत टाकली. कोळीण भडकली, "येवढी निवडली नि आता नको?" मग माझ्या तोंडाकडे बघून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मधूचं हृदय गेली काही वर्षं कुरकुरत होतंच, त्यामुळे बातमी अनपेक्षित होती असं म्हणता येणार नाही. रिकामी पिशवी तशीच हातात धरून मी स्टेशनकडे निघालो.

मधू माझा कॉलेजपासूनचा मित्र. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याने नोकरी केली. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरून लोकांना छळतात. मधूने संग्रहालय काढलं. तेही स्वतःच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत, आणि तेही देवांचं! शेजारच्या विंगमधलं एक कुटुंब घर विकून परदेशी गेलं आणि जाताना देव्हाऱ्यातले सगळे देव देवळामागच्या पिंपळाखाली ठेवून गेलं. मधूने ते पिशवीत भरून घरी आणले. "अरे, माणसं जाताना कुत्रासुद्धा कुणाच्या तरी हवाली करून जातात," तो मला म्हणाला होता. पुढे बातमी पसरली आणि लोक आपणहून येऊ लागले. कुणाची बिल्डिंग पाडायला काढलेली, कुणाच्या सुनेला पूजा जमत नव्हती, कुणाच्या घरी मागे कुणीच उरलं नव्हतं. पिंपळाखाली देव ठेवताना मन खातं. मधूकडे दिले की मात्र "आमचे देव संग्रहालयात आहेत" असं चारचौघांत सांगता यायचं.

चांदीच्या, तांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठवलेले टाक, पितळी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, झिजलेले शाळिग्राम... काचेच्या कपाटांतून सगळे ओळीने मांडलेले. मधू त्यांच्याकडे कारागिरी म्हणून बघायचा आणि आपल्यालाही बघायला लावायचा. "हा खंडोबा बघ. या सोनाराने जन्मात घोडा पाहिलेला नाही, सरळ म्हशीवरून बेतलाय!" असं म्हणून स्वतःच हसत सुटायचा. चिंच लावून देव घासायची आपली पद्धत त्याला अजिबात पसंत नव्हती. पिढ्यान् पिढ्या घासून घासून देवांची नाकं गेली, डोळे गेले, असं तो केमिस्टच्या अधिकाराने सांगायचा. पण गंमत म्हणजे ज्यांचे चेहरे पार गुळगुळीत झालेले, तेच त्याचे सगळ्यांत लाडके. किती बायकांचे हात फिरले असतील यावरून, म्हणायचा आणि कपाटाची काच परत एकदा पुसायचा.

त्याचा नियम एकच होता. खोलीत पूजा नाही. फूल नाही, कुंकू नाही, समोर नाणं ठेवणं नाही. कुणी हात जोडले की हा वैतागायचा, "अहो, हे रिटायर झालेत, त्यांना परत कामाला लावू नका!" वहिनी देवभोळ्या. त्यांचा स्वतःचा देव्हारा स्वयंपाकघरात होता. दसऱ्याला झेंडूचं एकेक फूल त्या खोलीत ठेवायची त्यांना फार इच्छा असायची, आणि मधू काही ठेवू द्यायचा नाही. "हे म्हणतात वस्तू, तर वस्तू," असं म्हणून त्या हसून सोडून द्यायच्या. मूलबाळ नव्हतं. त्या खोलीवरून दोघं लटकं भांडत आणि तिची धूळ मात्र दोघं मिळून पुसत.

शेवटच्या आजारपणात मी दवाखान्यात भेटलो, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. "सगळं एकत्र राहू दे रे. सुटे झाले की मोडीत जाऊन त्यांची भांडी होतील." मी म्हटलं, बघतो. दुसरं काय म्हणणार?

आणि तो गेल्यावर मी खरंच बघितलं. महापालिकेतल्या साहेबांनी चहा पाजला, आस्थेने चौकशी केली आणि जागेचा प्रश्न आहे म्हणाले. मुंबईच्या एका संग्रहालयातून एक गृहस्थ मुद्दाम येऊन गेले. चांगले जाणकार होते. त्यांनी मोजके टाक बाजूला काढले आणि म्हणाले, "बाकीचं नको. अन्नपूर्णा, बाळकृष्ण काय, घरोघरी असतात." वहिनी दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "यातली प्रत्येक अन्नपूर्णा कुणीतरी लग्नात माहेराहून आणलेली आहे हो." त्यावर ते गृहस्थ ओशाळले, काढलेले टाक तेवढे घेऊन गेले. पण त्यांचं तरी काय चुकलं होतं? मग ज्यांनी देव दिले होते त्यांना मी फोन लावले. काही जण येऊन आपापले घेऊन गेले. बहुतेक म्हणाले, "काका, तुम्हीच विसर्जन करा ना."

इकडे तेराव्याला आलेल्या नातलग बायकांनी वहिनींच्या कानाशी सुरू केलं होतं, घरात एवढे देव उपाशी ठेवायचे, बरं नव्हे. मी चिडून बोलायला लागलो तर वहिनींनीच मला थांबवलं. "भावोजी, हे होते तोवर मला त्या वस्तूच दिसायच्या. आता हे नाहीत, तर मला ते देवच दिसतात. मी एकटी एवढ्या देवांचं कसं करू?" मधूसारख्या वाद घालणाऱ्या माणसाचा मी आयुष्यभराचा मित्र, पण वाद न घालता मी पिशव्या शोधायला लागलो.

शेवटी रिक्षात पिशव्या घालून आम्ही दोघं खाडीवरच्या घाटावर गेलो. पायऱ्या शेवाळलेल्या, वहिनींचे गुडघे दुखरे, म्हणून पाण्यापर्यंत मीच उतरलो. मधूने ज्याला सांगितलं होतं एकत्र राहू दे, त्याच्याच हातून एकेक देव पाण्यात गेला. मला रडू आलं, त्याहून जास्त राग आला... आणि राग कुणाचा करायचा तेच समजेना.

पुढच्या रविवारी सवयीने डोंबिवलीला गेलो होतो. वहिनी चहा टाकत होत्या, इतक्यात बेल वाजली. दारात चाळिशीची एक बाई, छातीशी लाल फडक्याचं गाठोडं धरलेलं. "काका आहेत ना? मी विठ्ठलवाडीहून आलेय. आमची बिल्डिंग खाली करायला सांगितलीय. सासूबाई बोललेल्या, देव डोंबिवलीच्या काकांकडेच द्या, ते नीट ठेवतात."

"अगं, ते गेले," वहिनी म्हणाल्या.

बाई तशीच उभी राहिली. तिला परत जाता येईना, गाठोडं खाली ठेवता येईना. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, मग पदर पुढे केला आणि म्हणाल्या, "दे."

बाई डोळे पुसत गेली. रिकाम्या कपाटात वहिनींनी ते गाठोडं ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या. "भावोजी, यांना वस्तू म्हणून ठेवू, की देव म्हणून?"

मधूने ताडकन उत्तर दिलं असतं. मी नुसता दर रविवारी जात राहिलो. कालही जाऊन आलो. गाठोडं तिथेच आहे, गाठ अजून आम्ही कुणी सोडलेली नाही.