वहिनींची टाकी

थंडीच्या दिवसांत सकाळी केळव्याच्या आमच्या वाडीवर गेलं की आधी दिसायचं ते पाण्यावर तरंगणारं सुमनवहिनींचं डोकं. केस वर बांधलेले, कपाळावरचं कुंकू शाबूत आणि तोंड सुरू. काठावर माझे थोरले भाऊ, अण्णा, शाल पांघरून, कानटोपी घालून उभे. "अहो, थंडी पान्यात नाय, त्या टोपीत हाय!" वहिनी ओरडायच्या. "काडा ती, आनि या!" समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही अण्णा आयुष्यात घोट्यापलीकडे पाण्यात गेले नव्हते.

हा पोहण्याचा तलाव माझ्या पुतण्याने मुंबईच्या पाहुण्यांसाठी बांधला. तो स्वतः बोईसरला कारखान्यात नोकरीला, त्यामुळे तलाव आणि पाहुणे दोन्ही वहिनींच्या गळ्यात पडले. वहिनी तलावाला टाकीच म्हणत. पन्नाशी उलटल्यावर त्या त्यात पोहायला शिकल्या आणि मग आळीतल्या बायकांना शिकवू लागल्या. शनिवार-रविवार पाहुण्यांचे, मधले दिवस बायकांचे. दुपारची भांडी आवरली की साताठ जणी ओढण्या कमरेला बांधून उतरत. एखादी घाबरून काठ सोडेना, तर वहिनी म्हणत, "सासरी आलीस तवा काय पोवता येत होतं? तरलीस ना? मग!"

पालघरच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी वाडीवर बराच वेळ काढत असे. पडवीत पुस्तक उघडून बसलं की त्या हसण्याच्या आवाजात एक पान धड वाचून होत नसे. त्याची मला सवय झाली होती.

एका वर्षी संक्रांतीच्या सुमाराला टाकीचं पाणी उतरू लागलं. रोज सकाळी भिंतीवरची फरशी थोडी अधिक उघडी पडलेली असे. अण्णांनी निकाल दिला, "गळते. विहिरीचं पानी आदी सुपारीला नि पानवेलींना. टाकी गळत असंल तर माती भरायची आनि जायफळं लावायची."

त्या दिवशी बायका आल्या, पण वहिनी पाण्यात उतरल्या नाहीत. काठावर बसून राहिल्या. मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "भावजी, येवढी पुस्तकं वाचता, टाकीचं कायतरी बगा ना."

मी शोधलं. उपाय सोपा होता. टाकीतलंच पाणी बादलीत भरून टाकीजवळ ठेवायचं आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करायची. दोन्ही सारखंच उतरलं, तर पाणी वारा नेतोय. टाकीतलं जास्त उतरलं, तर टाकी गळतेय. वहिनींनी बादली भरून टाकीसमोरच्या पडवीच्या पायरीपाशी ठेवली, खडूने खुणा केल्या आणि अण्णांना बजावलं, "आता निकाल ही देनार. तुमी नाय."

दुसऱ्या दिवशी टाकी बोटभर उतरली होती. बादली अर्धी रिकामी!

"बादलीच गळकी तुजी," अण्णा म्हणाले. वहिनींनी नवी कोरी बादली आणली. तीही अर्धी झाली. तेव्हा त्या पडवीत माझ्या शेजारी ठाण मांडून बसल्या.

पहिल्यांदा आली पानं खुडणारी बाई. चिखलाचे पाय, समोर पायरी, पायरीपाशी भरलेली बादली. तिने ओंजळीने पाणी घेऊन पाय धुतले आणि वर आली. मग नारळ पाडणारा आला. त्यानेही धुतले. आमच्याकडे पायरीजवळ ठेवलेली बादली पाय धुण्यासाठीच असते, त्यात विचारायचं काय? शेवटी वाडीला पाणी लावून स्वतः अण्णा आले. तांब्या बुडवून सावकाश दोन्ही पाय धूत म्हणाले, "मी सांगतो सुमन, ही टाकी गळतेच."

वहिनी हसता हसता पडवीत आडव्या झाल्या. "गळते! तुमच्या पायांवर गळते!"

मग बादलीत दगड घालून ती टाकीतच, पाण्यातल्या पायरीवर ठेवली. आता तिच्यात पाय कोण धुणार? सकाळी दोन्ही खुणा सारख्याच उघड्या पडल्या होत्या. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा कोरडा मतलई वारा पाणी पीत होता. त्या संध्याकाळपासून बायका चारी कोपरे धरून टाकीवर ताडपत्री ओढू लागल्या आणि पाणी उतरायचं कमी झालं.

"मग जायफळं कुटं लावू?" अण्णांनी कुरकुर केली.

"काठाला लावा. सावली पडेल. मी पोवतापोवता तुमाला बगेन."

वहिनी गेल्या पावसाळ्यात गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच. थंडी पडू लागली तशी माझ्या मनात एकच धाकधूक होती. आता अण्णांना अडवणारं कोणी नव्हतं. ट्रॅक्टरभर माती वाडीच्या फाटकाशी येऊन पडली, तेव्हा ती टाकी बुजवायलाच, असं मी धरून चाललो. विचारायचा धीरच झाला नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर फाटकाशी माती नव्हती. ती टाकीच्या काठाला लावलेल्या जायफळांच्या बुंध्यांना लागली होती. टाकीच्या बाजूने बायकांचा गलका ऐकू येत होता. वळणावरून पुढे झालो. अण्णा छातीभर पाण्यात उभे होते, उघड्या अंगाने कुडकुडत, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून.

"अण्णा, पाय सोडा!" बायका ओरडत होत्या. "सोडा ओ पाय, आमी हाव ना!"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि पाय सोडले.