सोसायटी, कंपनी आणि गच्चीवरचा पांडू

जवळा सुकत घातला की सकाळी गच्ची भरते आणि संध्याकाळी झाडून गोळा केला की एका टोपलीत मावतो. आमच्या सुरुबन सोसायटीच्या किश्श्यांचं उलटं आहे. सकाळी जिन्यात चिमूटभर सांडतात, संध्याकाळी टोपल्या पुरत नाहीत. म्हणून आज थोडे उपसते.

सोसायटी नागावची. आधी तिथे आमची नारळाची वाडी होती. मुलांनी बिल्डरला दिली, बदल्यात मला तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक मिळाला. बाकीचे बहुतेक मुंबई-ठाण्याचे. शनिवारी येतात, समुद्र बघतात, रविवारी पाण्याची तक्रार करून जातात. मला त्या इमारतीत एकच जागा प्यारी, ती गच्ची. पावसाळ्यासाठीची माझी सगळी सुकट तिथे वाळते. ती वाळली नाही तर मी विकणार काय आणि खाणार काय?

*

आधी कारभार आमचा आम्हीच बघायचो. आम्ही म्हणजे सेक्रेटरी म्हात्रे गुरुजी. जन्मभर शाळा चालवली, मग सोसायटीही तशीच चालवली. पंपाचं बटण स्वतः दाबायचे. गच्चीची चावी त्यांच्या दारामागे खिळ्याला. मीटिंगला हजेरी घ्यायचे आणि नाव पुकारलं की "हजर" म्हणावं लागायचं. "येस" चालायचं नाही.

एकदा ठाण्याच्या दिघे मॅडम उशिरा आल्या. बँकेत मोठ्या साहेब, अख्खी शाखा त्यांना घाबरते म्हणे. गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "बाहेर उभ्या राहा."

शाळेची सवय कुठे जाते? मॅडम खरंच बाहेर उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं, तशा लालबुंद होऊन आत आल्या. "आपल्याला प्रोफेशनल मॅनेजमेंट कंपनी पाहिजे," म्हणाल्या.

आमच्याकडे कंपनी आली ती अशी.

*

कंपनीशी वर्षाचा करार झाला. त्यांचे निखिल सर नवी मुंबईत बसायचे, आम्हाला दिसायचे मोबाइलमध्ये.

"आजी, आता कोणाच्या दारात जायचं नाही. तक्रार असली की ॲपवर तिकीट काढायचं."

"जिन्यातला दिवा गेलाय रं बाबा. मला कुठं जायचं न्हाय."

शेवटी त्यांनीच तिकीट काढलं. माझा फोन बटणांचा, म्हणून म्हसळ्याच्या लेकीचा नंबर दिला होता. दोन दिवसांनी तिच्याकडे मेसेज गेला आणि जावयाने तो मोठ्याने वाचला, "श्रीमती यमुनाबाई यांचे तिकीट क्लोज करण्यात आले आहे. आपण आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?"

लेकीने हंबरडा फोडला. चहाच्या वेळेला दारात जीप. लेक रडतेय, जावई खांद्यावर टॉवेल टाकून उभा, मागे त्याचे दोन चुलते. मी खोबरं खवता खवता दार उघडलं.

"आलात ते बरं झालं. जेवून आलात की भात टाकू?"

जावई पांढराफटक. "मामी... तुमचं तिकीट..."

रात्री सगळे जेवून जिना उतरायला लागले तर पाय चाचपडत. दिवा अजून बंदच होता.

*

कंपनीने वासावर उपाय म्हणून एक बाई ठेवली. तिला सांगितलं होतं, जिथे वास तिथे फवारा. तिने माझ्या सगळ्या बोंबलांवर लॅव्हेंडर मारलं. मी डोक्याला हात लावला. पण रविवारी एक पाहुणे हुंगून म्हणाले, "आजी, हे काही तरी वेगळंच आहे. ऑरगॅनिक का?"

"व्हय," मी म्हटलं. "महाग पडेल."

*

दिघे मॅडमनी एका रविवारी डोक्याला शाम्पू लावला आणि नळ सुकला. आधी असतं तर खिडकीतून "गुरुजी, पंप" म्हटलं की झालं. आता बाईंनी फेसाळल्या हातांनी न्हाणीघरातूनच तिकीट काढलं. उत्तर आलं, "अठ्ठेचाळीस तासांत आपली अडचण सोडवली जाईल."

थोड्या वेळाने न्हाणीघराच्या झरोक्यातून बारीक आवाज, "आजी... ओ आजी..."

मी वाडीच्या जुन्या विहिरीची बादली नेऊन त्यांच्या डोक्यावर ओतली. मॅडम डोळे मिटूनच म्हणाल्या, "आजी, कोणाला सांगू नका हं. मीच कंपनी आणलीय."

"न्हाय सांगत," म्हटलं. सांगितलं नाहीच. आता नातसून लिहून घेतेय, ते वेगळं.

*

कावळे फार झाले म्हणून मी गच्चीवर बुजगावणं उभं केलं. बांबूचा सांगाडा, गुरुजींचा जुना सदरा, डोक्यावर टोपी. एक हात वाऱ्याने वर गेला तो वरच अडकला. मी त्याला पांडू म्हणायची.

त्याच आठवड्यात कंपनीने गच्चीवर कॅमेरा लावला, बोलणारा. मी जवळा पसरत होते, तर भिंतीतून आवाज, "टेरेसवरील सदस्य, कृपया आपला फ्लॅट नंबर सांगा." मी सांगितला.

"तुमचा नाही आजी. त्या काकांचा."

पांडू काय बोलणार? मी जवळा पसरत राहिले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर निखिल सरांनी लिहिलं, "टेरेसवर एक काका सकाळपासून हात वर करून उभे आहेत. त्यांचं काही म्हणणं आहे का?"

ठाण्याहून दिघे मॅडमनी विचारलं, "कोण काका?" मग त्यांनीच पुढे लिहिलं, "कोणी तरी असणारच. कॅमेरा चुकत नाही."

गुरुजींनी वर जाऊन आपला सदरा ओळखला, खाली आले आणि उत्तर टाकलं, "त्यांचं जे काही म्हणणं आहे ते मीटिंगमध्ये मांडतील."

"नोटेड," निखिल सर म्हणाले.

*

वर्ष संपलं. करार वाढवायचा की पुन्हा आपला आपण कारभार बघायचा, याची मीटिंग मे महिन्यात. नव्या करारात गच्चीचं रूफटॉप लाउंज होणार होतं. वर 'वास येणारे पदार्थ' बंद. म्हणजे मी बंद. आणि दोन्हीकडे सारखी मतं पडली तर करार आपोआप पुढे, असंही त्यात होतं.

ऐन मीटिंगला वीज गेली. खाली उकडून जीव जायला लागला तसे सगळे गच्चीवर गेले. निखिल सर कॅमेऱ्यातून बघत होते. कॅमेऱ्याला बॅटरी होती, आम्हाला नव्हती. मी जवळा एका कोपऱ्यात ओढून त्याच्याजवळ बसले, बहुतेक शेवटचाच म्हणून. माझ्यामागे पांडू.

"कंपनी हवी असलेल्यांनी हात वर करा." भिंतीतून मोजणी झाली. दिघे मॅडमचा हात वर होता, पण कोपरापर्यंतच.

"आता, स्वतः कारभार बघायचाय त्यांनी."

मी हात वर केला आणि बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. दोन्हीकडे सारखे. गुरुजींनीही मोजलं असावं, कारण ते चष्मा काढून पुसत बसले. मी जवळ्यावरून हात फिरवला.

भिंत म्हणाली, "सोसायटीने स्वतः कारभार बघावा, हा ठराव एका मताने मंजूर. मागे उभ्या असलेल्या काकांचे विशेष आभार. पहिल्या मोजणीतही त्यांचा हात वरच होता, पण तो विरोधाचा, हे आम्ही आधीच नोट केलंय. ते सुरुवातीपासून ठाम होते."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. वाऱ्याने पांडूची बाही फडफडली.

दिघे मॅडम उठल्या. पांडूच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, काही ऑब्जेक्शन?" भिंतीने विचारलं.

मॅडमनी आपल्या केसांवरून हात फिरवला. "ऑब्जेक्शन कसलं? कॅमेरा चुकत नाही."

गुरुजींनी लगेच चष्मा चढवला आणि कारभार हातात आल्याबरोबर पहिलं काम केलं. हजेरी. एकेक नाव पुकारत शेवटपर्यंत आले, थांबले, आणि चष्म्यावरून माझ्या मागे बघितलं.

"पांडुरंग?"

मग दिघे मॅडमनी कॅमेऱ्याकडे पाठ केली, पदर तोंडाशी नेला आणि जाड आवाज काढून म्हणाल्या,

"हजर."