ठमाबाईचा अंगठा

भांडी घासायचं मशीन बघायला भवानीनगरच्या बायका पहिल्यांदा आल्या तेव्हा ठमाबाईनं सगळ्यांना चहा दिला आणि उष्टे कप त्यांच्यादेखत मशीनमध्ये रचले. मिरवायचंच होतं, उगीच खोटं कशाला बोला. तिची लेक रोहिणी बारामतीत राहते. तिनं नवं मोठं मशीन घेतलं आणि जुनं टेम्पोत घालून आईकडं पाठवलं. ह्याला माया म्हणायची की घरातली अडगळ काढणं, ते रोहिणीलाच ठाऊक. ठमाबाईनं मात्र त्या मशीनला हळदीकुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून राखेचा डबा गोठ्यात नेऊन ठेवला.

राखेशी तिचं जुनं वैर. कऱ्हाटीला माहेरी होती तेव्हा परकर नेसायच्या वयात हात राखेत घातला, तो नातवंडं झाली तरी बाहेर काढला नव्हता. राख, विटेचा चुरा, तारेची घासणी. बोटांना भेगा पडलेल्या, आणि बोटांवरच्या रेघा कधीच पुसून गेलेल्या. ह्यातलं काही कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण मधेच सरकारला लोकांचे अंगठे लागायला लागले.

गावात ऋतिकचं सेवा केंद्र आहे. लग्नाला आलेला, दिवसभर एका खुर्चीत बसून पोट सुटलेला पोरगा. बँकेतले पैसे त्याच्याकडं अंगठा लावून मिळतात. ठमाबाईनं तिथं अंगठा ठेवला की लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. पदराला घासून ठेवला, लाल. "काकू, तुमचा अंगठाच उठंना. तात्यांना पाठवा," ऋतिक म्हणायचा. म्हणजे गाईंची धार काढायची ठमाबाईनं, शेण काढायचं ठमाबाईनं, दूध डेअरीला न्यायचं ठमाबाईनं आणि दुधाचे पैसे जमा व्हायचे महिपतीतात्यांच्या खात्यात.

महिपतीतात्या म्हणजे तिचे मालक. साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता रिटायर. त्यांना ह्या व्यवस्थेत काही खटकलं नाही. "काय करायचाय तुला अंगठा? मी हाय की," असं ते मिशीला पीळ देत म्हणायचे. मनात वाईट काही नसायचं, हीच खरी पंचाईत होती. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. ठमाबाईनं पैसे मागितले की आधी विचारायचे, "कशाला?" तिनं सांगितलं की पेपरात तोंड घालायचे. पहिल्या मागण्याला त्यांनी कधी दिलं नाही, दरवेळी दुसऱ्यांदा मागायला लावायचे. ठमाबाईला त्याचा भयंकर संताप यायचा. स्वतःच्याच गाईच्या दुधासाठी भीक मागितल्यासारखं वाटायचं.

मशीन आलं आणि हातांना आराम पडला. भेगा भरल्या, कातडी मऊ झाली. एक दिवस नातवाच्या कुठल्याशा कामासाठी ती ऋतिककडं गेली होती, सहज अंगठा ठेवला, तर हिरवा दिवा. तिला खरं वाटेना. "परत ठेवू का?" तिनं विचारलं. परत हिरवा. त्याच आठवड्यात ठमाबाईनं डेअरीत जाऊन दुधाचे पैसे आपल्या खात्यावर वळवून घेतले. "बरं झालं, माझ्या मागची कटकट गेली," असं महिपतीतात्या सगळ्यांना सांगत सुटले आणि घरात दोन दिवस नीट जेवले नाहीत.

बिघाड झाला तो दिवाळीत. चकल्यांची कढई, झारा, तेलकट परात असं सगळं मशीनमध्ये घातलं आणि बाहेर काढलं तर प्रत्येक भांड्याला तेलाचा ओशट हात. मशीन घरघरत होतं, पाणी फिरत होतं, पण पाणी गार. तापतच नव्हतं.

आता ह्यात मूळ गुन्हेगार कोण, ते सांगून टाकलेलं बरं. तिकडच्या बोअरचं पाणी असं, की बादली चार दिवस भरून ठेवली तर आतून चुना दिल्यासारखी दिसते. म्हणून ह्या मशीनमध्ये मिठासाठी वेगळा कप्पा असतो, त्यात जाडं मीठ घातलं की पाणी मऊ होतं. रोहिणीनं मिठाची पिशवी संगं दिली होती, समजावून सांगितलंही होतं. पण महिपतीतात्यांनी बॉयलर बघितलेला. "बॉयलरात मीठ?" ते म्हणाले होते. "आमच्यात असं कुणी केलं असतं तर सायबानं त्याला भुशासंगं भट्टीत घातला असता. मिठानं लोखंड सडतंय." कारखान्यात पाणी मऊ करायचं खातं वेगळं असतं आणि ते तिकडं कधी फिरकले नव्हते, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही. मिठाची पिशवी गाईंच्या आंबोणात गेली. गाईंची काही तक्रार नव्हती.

तर दिवाळीचा फराळ खाऊन तात्यांनी मशीन उघडलं, जाळ्या बाहेर काढल्या आणि बॅटरी मारून आत बघितलं. तळाशी पाणी तापवणारी नळी असते, कड्यासारखी वळवलेली. तिच्यावर पांढरा दगड चढला होता. तात्यांचा चेहरा उजळला. "स्केल हाय," ते म्हणाले. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच घरात त्यांच्या ओळखीचं काहीतरी निघालं होतं. कारखान्यात नळ्यांना अशी खपली धरली की घासून काढायची असते, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ते कानस आणि छिन्नी घेऊन आले.

"अवं, रोहिणी म्हणत हुती, लिंबूसत्व टाकून मशीन नुसतं फिरवायचं. मग आपसूक निघतंय," ठमाबाई म्हणाली.

"मी हितं सरबत कराय बसलोय व्हय?" तात्या म्हणाले, आणि त्यांनी कानस चालवली.

दुपारभर चालवली. नळी नव्यासारखी चमकायला लागली. जाळ्या बसवल्या, दार लावलं, बटण दाबलं. मशीननं पाणी घेतलं, थोडं घरघरलं आणि फट् झालं. घरातली लाइट गेली. टीव्हीवरची मालिका ऐन भांडणात गेली, फ्रिज बंद, बोअरची मोटर बंद. मीटरजवळचं पडलेलं बटण वर केलं की पुन्हा फट्. मशीनची पिन काढली तेव्हा कुठं घर जागेवर आलं.

रोहिणीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "तात्या, तुमी नळी घासून भोक पाडलंय. आतल्या तारंला पाणी लागतंय. शॉक बसला न्हाय हे नशीब. नवीन एलिमेंट मागवते मी."

"मागवू नको," तात्या म्हणाले. "नळी पयल्यापास्नंच फुटकी आसंल." मग फोन ठेवून ठमाबाईकडं वळले. "काय आडलंय मशीनबिगर? जलमभर आपली भांडी हातानंच निघाली न्हवं? काय बिघडलं हुतं?"

काय बिघडलं होतं ते ठमाबाईच्या अंगठ्यावर लिहिलेलं होतं, किंवा खरं तर लिहिलेलं नव्हतं. पुन्हा राख, पुन्हा भेगा, पुन्हा लाल दिवा आणि पुन्हा "कशाला?" ती उठली, गोठ्यातून राखेचा डबा आणला आणि नवऱ्यापुढं ठेवला.

"हातानंच निघत्यात न्हवं? मग घाला हात," ती म्हणाली. "मी घालायची न्हाय."

तात्यांना वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे. पण ठमाबाईनं स्वयंपाक केला, धारा काढल्या, सगळं केलं, भांड्यांना मात्र बोट लावलं नाही. तिसऱ्या दिवशी घरात चहाला कप उरला नाही तेव्हा तात्या धोतर खोचून मागच्या मोरीवर बसले. बसले तेही अर्धवट काम करायला नव्हे. इरेला पेटलेला माणूस. राख घेतली, विटेचा चुरा घेतला, वर कडकडीत पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि तारेच्या घासणीनं तवा असा घासला की ठमाबाईला त्याची कीव आली.

मशीन बघायला आलेल्या बायका पुन्हा आल्या. एकीनं मोरीकडं बघून विचारलं, "ठमे, हे मशीन कुठनं आणलंस गं?"

"घरचंच हाय," ठमाबाई म्हणाली. "जुनंच. लई आवाज करतंय."

तात्यांनी ऐकलं आणि कढई आणखी जोरात घासली. रात्री जेवताना आमटी भेगांत झोंबायची, ते हळूच फुंकर मारायचे. ठमाबाईला दिसायचं. तिला वाईटही वाटायचं, चाळीस वर्षांचा संसार आहे, वाटणारच. मग ती स्वतःच्या अंगठ्याकडं बघायची आणि पुढचा घास घ्यायची.

असं करता करता हयातीच्या दाखल्याचे दिवस आले. पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा अंगठा लावून आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं असतं. तात्या इस्त्रीचा सदरा घालून ऋतिककडं गेले आणि अंगठा ठेवला. लाल दिवा.

"दुसरं बोट द्या," ऋतिक म्हणाला. लाल. तिसरं, लाल. दोन्ही हात संपले.

"तोंड दाखवून बी हुतंय, तात्या," म्हणून ऋतिकनं मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरला. पण आधारवरच्या फोटोत तात्यांच्या मिशा कलप लावून काळ्याभोर केलेल्या, आणि रिटायर झाल्यापासून कलप बंद. ही दोन माणसं एकच आहेत, हे काही मोबाइलला पटलं नाही.

"तात्या, मशीन म्हणतंय तुमी हयात न्हाय."

"मग हितं उभा कोण हाय?"

"ते मला दिसतंय, पण मशीनला दिसंना. हाताला कातडी येऊ द्या, मग या. तवर भांडी घासू नका."

"तुला कुणी सांगितलं भांड्याचं?"

"सगळ्या गावाला ठाऊक हाय, तात्या."

महिपतीतात्या घरी आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं रोहिणीला फोन लावला. "ते तुझं एलिमेंट पाठव," एवढंच म्हणाले.

एलिमेंट आलं, पण रोहिणीला यायला जमेना. कारखाना सुरू झालेला, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. ती मोबाइलवर दिसायला लागली आणि ठमाबाईनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. मशीनची पिन ठमाबाईनं आपल्या हातानं काढली आणि तिच्यावर पाट टाकून बसली, कारण नवऱ्यावरचा तिचा भरवसा कानशीच्या दिवशीच संपला होता. मशीनमधलं पाणी उपसलं, खाली गोधडी अंथरली आणि दोघांनी मिळून ते आडवं केलं. तळाचा पत्रा निघाला.

"आधी वायरींचा फोटो काढ, आई. कुठली कुठं हाय ते कळाय पायजे," रोहिणी म्हणाली.

तात्यांनी वायरी सोडवल्या, नट काढला आणि जुनी नळी बाहेर ओढली. रोहिणीनं एलिमेंटसंगं पाठवलेलं मल्टिमीटर लावून बघायला सांगितलं. एक टोक वायरीच्या खुंटीला, दुसरं नळीच्या पत्र्याला. चांगली नळी असती तर मीटर मुकं राहिलं असतं. हे ओरडलं. तात्यांनी नळी उजेडात धरली. कानशीच्या रेघा एकाच जागी दाटल्या होत्या आणि तिथं मोहरीएवढं भोक होतं. त्यांनी भोकावरून नख फिरवून बघितलं.

"कानशीनंच गेलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की रोहिणीनं "काय?" विचारलं.

"काय न्हाय. पुढचं सांग," ठमाबाई म्हणाली. तिला ते ऐकून बरं वाटलं, आणि लेकीला ऐकू गेलं नाही ह्याचंही बरं वाटलं.

नवी नळी बसवताना तात्या जुनाच रबरी वायसर घालायला निघाले, "चांगला हाय की अजून." ठमाबाईनं तो त्यांच्या हातातून काढून उकिरड्यात टाकला आणि नवा दिला. नट आवळताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "तात्या, हळू. प्लास्टिक हाय ते, कारखान्याचा बॉयलर न्हाय," रोहिणी ओरडली. फोटो बघून वायरी जागच्या जागी गेल्या. मशीन उभं राहिलं. मग ठमाबाईनं मिठाचा कप्पा उघडला आणि नवी पिशवी आत रिकामी केली. तात्या खिडकीबाहेर गाईंकडं बघत होते.

बटण तिनंच दाबलं. लाइट गेली नाही. मशीन घरघरत राहिलं आणि ती दाराला तळहात लावून उभी राहिली. आधी गार होतं. मग कोमट झालं, आणि मग हात बाजूला घ्यावा लागला.

"तापलं," ती म्हणाली. तिला इतका आनंद झाला की तात्यांनी न मागता तिनं त्यांना चहा टाकला.

पुढच्या महिन्यात दुधाचा पगार झाला तेव्हा दोघं बरोबरच ऋतिककडं गेले. रोज संध्याकाळी ठमाबाई त्यांच्या बोटांना साजूक तूप चोळत होती, भेगा भरत आल्या होत्या. त्यांनी अंगठा ठेवला. लाल.

"अजून थोडं थांबा, तात्या," ऋतिक म्हणाला. "पेन्शन काय जात न्हाय. हयात झालात की मागची मिळंल."

तात्या खुर्चीत मागं टेकले. मग इकडंतिकडं बघत बायकोला हळूच म्हणाले, "तवर जरा खर्चापाण्याचं बघ की."

"कशाला?" ठमाबाईनं विचारलं.

"कलप आणावा म्हणतो मिशीला. फोटूतल्यागत दिसलं तर तोंडावर तरी काम हुईल."

ठमाबाईनं पदराला अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. हिरवा दिवा लागला. ऋतिकनं पैसे मोजून तिच्या हातात दिले, तिनं ते कमरेच्या पिशवीत घातले आणि पिशवीची नाडी ओढली.

"काय करायचाय तुमाला अंगठा?" ती म्हणाली. "मी हाय की."

आणि कलपाचे पैसे त्यांना दुसऱ्यांदा मागायला लावले.