स्वतःच हाक, स्वतःच ओ

हौसामावशीच्या हातात कधी काठी नसायची. येडगावच्या धरणाकाठी दोन कळप मिसळले की बाकीचे धनगर मेंढरांमागे धावून घामाघूम व्हायचे. ही बांधावर उभी राहून एक लांब हाक द्यायची आणि तिची तेवढी मेंढरं गर्दीतून निघून यायची. "मारून आणल्यालं जनावर काय आपलं असतंय व्हय?" असं वर आम्हालाच विचारायची.

तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. मुलगा ट्रकवर, सून कमल मेंढरांमागे. म्हणून शेजारीण या नात्याने पुण्याला मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं. चांगली पेशी बाहेरून निरोप आला तरच वाढते. ही रोगट पेशी वाढीचा निरोप स्वतःच तयार करते, स्वतःच ऐकते आणि वाढत सुटते. गोळ्या तो निरोप अडवतील.

"म्हंजी सोताच हाक मारायची नि सोताच ओ द्यायची?" मावशी म्हणाली. "लई माजल्यात." डॉक्टर हसले. मला मात्र वाटलं, या पेशींना बरोबर त्यांच्याच तोडीची हट्टी बाई भेटली आहे.

संसर्ग होईल म्हणून मेंढरांजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते कळताच तिचे धाकटे दीर मेंढरांच्या व्यापाऱ्याला घेऊन हजर झाले. "वहिनी, इकून टाका आता. तुमच्यानं व्हनार न्हाई."

मावशीचं तोंड फोडांनी भरलेलं, आवाज पार बसलेला. ओसरीवर भिंतीला टेकून ती म्हणाली, "न्या की भावजी. हाक मारा. मागं येतील ती तुमची."

दिरांनी हाका मारल्या, व्यापाऱ्यानेही घसा फोडला. समोरच्या पडीक रानात एकाही मेंढराने मान वर केली नाही. मग मावशीने कमलकडे पाहिलं. आजारपणात तिने सुनेकडून ती हाक अशी घोटून घेतली होती, की शेजारी माझे कान किटले होते. कमलने हाक दिली आणि सगळा कळप ओसरीपर्यंत चालत आला.

"आजारी मी हाय," मावशी म्हणाली, "मेंढरं न्हाईत." दीर चहासुद्धा न घेता गेले. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढे गोळ्या लागू पडेनाशा झाल्या. पेशींनी दुसरी वाट काढली होती. मी रडू लागले तर मलाच रागावली. "मी गेल्यावर मारू दे त्या पेशीस्नी हाका. ओ द्यायला एकबी ऱ्हानार न्हाई. माझी हाक ऱ्हाती का न्हाई बघ."

ती गेली. आज संध्याकाळी बांधावरून हाक आली, तशी मी पिठाच्या हातानेच दारात आले. कमल उभी होती. तिच्याही हातात काठी नव्हती.